खालूंचा राहिलेला हप्ता

आमच्या खालूंनी विमा घेताना मधुमेह लपवला नाही. तीन वर्षांची प्रतीक्षा मुदतही कबूल केली. दोन वर्षं सरली आणि मुलीच्या निकाहच्या धांदलीत नूतनीकरण दीड महिना राहून गेलं. नवी पॉलिसी मिळाली, पण मुदत पुन्हा पहिल्या दिवसापासून. वर्षभरात मूत्रपिंडं गेली. डायलिसिस खिशातून.

बहिणींनो, वार्षिक हप्त्याला 30 दिवसांची सवलत असते. तेवढ्यात भरला तर सरलेली मुदत टिकते. मधल्या दिवसांतल्या आजारपणाचे पैसे मात्र मिळत नाहीत. कंपनी पटत नसेल तर पॉलिसी सोडू नका, नूतनीकरणाच्या 45 दिवस आधी दुसरीकडे पोर्टचा अर्ज करा. जुनी वर्षं सोबत येतात.

खालूंचं डायलिसिस आता महात्मा फुले योजनेतून होतं. ते आधीच कुणी सांगितलं असतं तर खालांच्या बांगड्या राहिल्या असत्या.