घासलेला रुपया

ऑनलाइन लिलावांत जुन्या चांदीच्या रुपयांची वर्णनं वाचली की मला स्थळांच्या जाहिराती आठवतात. तिथे प्रत्येक जण देखणा आणि निर्व्यसनी असतो, इथे प्रत्येक नाणं 'अतिशय दुर्मिळ' आणि 'टॉप कंडिशन' असतं. खाली फ्लॅश मारून काढलेला एकच फोटो. त्यात व्हिक्टोरिया राणी नव्या स्टीलच्या ताटासारखी लखलखत असते. आणि आपल्यासारखी मंडळी शनिवारी रात्री लॅपटॉप उघडून शेवटच्या दोन मिनिटांत बोली चढवतात.

माझं म्हणणं थोडक्यात असं : फोटोवरून नाण्याची झीज बर्‍यापैकी कळते, पण पृष्ठभाग जवळजवळ कळतच नाही. आणि आपण पैसे मोजतो ते नेमके पृष्ठभागाच्या चमकेचे. सगळी गडबड इथे आहे.

आधी थोडं रुपयाबद्दल. १८३५ साली कंपनी सरकारने कायदा करून रुपया ठरवून दिला : वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. हे वजन म्हणजे बरोबर एक तोळा. (सराफाकडे आज दहा ग्रॅमला तोळा म्हणतात, तो वेगळा.) १९४० पासून चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ चा रुपया तर निकेलचाच. त्याआधीचे रुपये लोकांनी जपून ठेवले ते उगीच नाही. आमच्या वेळणेश्वरसारख्या गावात आजही देवघरात किंवा जुन्या पेटीत राणीछाप रुपये निघतात. आमच्या घरी लक्ष्मीपूजनाच्या तबकात सात आहेत.

आता झीज. नाण्यावरचा सर्वांत उंच भाग आधी झिजतो, त्यामुळे कुठे बघायचं हे ठरलेलं आहे. व्हिक्टोरियाच्या रुपयावर गाल, कानावरचे केस आणि झग्यावरची नक्षी बघा. नक्षीतले बारकावे सुटे दिसले तर नाणं फार फिरलेलं नाही, नक्षी सपाट झाली असेल तर बाजारात पुष्कळ हिंडून आलंय. पाचव्या जॉर्जच्या रुपयावर छातीवरच्या साखळीतला हत्ती बघा. हा तोच हत्ती, जो १९११ च्या रुपयावर डुकरासारखा दिसतो म्हणून ओरड झाली, रुपया मागे घ्यावा लागला आणि १९१२ मध्ये चित्र सुधारलं. ही सगळी तपासणी बर्‍या फोटोवरून घरबसल्या करता येते.

पृष्ठभागाचं मात्र तसं नाही. टाकसाळीत ठसा पडताना धातू दाबाने बाहेरच्या बाजूला सरकतो आणि त्याच्या अतिसूक्ष्म रेषा नाण्यावर उमटतात. न घासलेलं नाणं दिव्याखाली तिरकं करून फिरवलं, की या रेषांमुळे चाकाच्या आर्‍यांसारखी उजेडाची पट्टी गोल फिरते. ही चमक हलणारी आहे. फोटो स्थिर. म्हणजे जी गोष्ट बघायची, तीच फोटोत येत नाही.

मी आमच्या सातांपैकी एक रुपया घेऊन तीन फोटो काढले. खिडकीच्या उजेडात तो करडा आणि थकलेला दिसला. फ्लॅशखाली नवाकोरा. स्कॅनरवर ठेवला तर शिशाच्या चकतीसारखा. रुपया तोच, दहा मिनिटांतले फोटो. चौथा फोटो बाजूने टॉर्च मारून काढला, तेव्हा मात्र गालावर एकाच दिशेने गेलेले बारीक ओरखडे दिसले. दर दिवाळीला चिंच आणि पितांबरी लावून घासल्याच्या त्या खुणा. लिलावाच्या पानावर टाकण्यासाठी फोटो लहान करून जेपेग केला, की पहिले गायब होतात ते हेच ओरखडे.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. आजीने पूजेचे रुपये घासले यात काहीच गैर नाही. ती देवापुढची चांदी आहे, संग्रहातली वस्तू नाही. पण हल्ली गावची घरं बंद होतायत, पेट्या रिकाम्या होतायत, आणि मोबाइल सगळ्यांकडे आहे. नाणं विकायचं ठरलं की पहिलं काम काय? 'जरा चकाचक करून फोटो टाकू.' शंभर वर्षांत चांदीवर सावकाश चढलेला काळसर, निळसर थर, म्हणजे चांदीचा सल्फाइड, दोन मिनिटांत निघतो. त्याबरोबर त्या सूक्ष्म रेषाही जातात, त्या परत येत नाहीत. विकणार्‍याला मी दोष देत नाही. चकचकीत नाण्याला जास्त बोली लागते हे तो रोज बघतो. हा धडा त्याला आपणच देतो.

परदेशातल्या ग्रेडिंग कंपन्या नाण्यांना १ ते ७० असा आकडा देतात. वाईट रीतीने साफ केलेलं नाणं असेल तर त्या आकडा न देता तसा शेराच मारतात, मग झीज कितीही कमी असो. हौशी खरेदीदाराने हाच नियम स्वतःला लावावा. चमक संशयास्पद वाटली तर नाण्याची किंमत चांदीची आणि वर थोडी, बस्स. एका रुपयात १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदी असते, गुणाकार करायला वेळ लागत नाही.

मग काय मागायचं? वजन, तेही काट्यावर ठेवलेल्या नाण्याच्या फोटोसकट. दोन्ही बाजूंचे फ्लॅशशिवाय काढलेले फोटो. एक तिरक्या उजेडातला. एक कडेचा, कारण माळेसाठी कडी डाखलेली असेल तर तिची खूण कडेवरच्या रेघांत राहते. आणि जमलं तर दहा सेकंदांचा व्हिडिओ, नाणं दिव्याखाली फिरवत. सगळं दोन मिनिटांचं काम आहे. जो विक्रेता तेवढंही करत नाही, त्याला आपण हजारो रुपये का पाठवायचे?

नाणं हातात आल्यावर शाळेतला आर्किमिडीज कामाला लावा. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्य करा आणि दोर्‍याने टांगलेला रुपया पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असा सोडा. १९४० च्या आधीचा खरा रुपया असेल तर काटा १.१३ ग्रॅमच्या आसपास दाखवेल. जर्मन सिल्व्हरची नक्कल याच वजनाची केली तरी इथे पकडली जाते. १९३९ च्या दुर्मिळ रुपयासारखी महागडी नाणी घेताना तर ही चाचणी हवीच. परतीची मुदत संपण्याआधी करा म्हणजे झालं.

आणि तुमच्याच गावच्या घरात असे रुपये असतील तर एवढं करा : पूजेचे वेगळे ठेवा, ते खुशाल घासा. बाकीचे जसे आहेत तसे राहू द्या. रबरबँड लावू नका, मऊ प्लास्टिकच्या पिशवीत घालू नका. कोरड्या कागदी पाकिटात ठेवा, आणि पावसाळ्यानंतर एकदा उघडून बघा. काळे पडले तर पडू देत.