जुने साहेब काय सांगू शकतात?

दिवाळीत खामगाव-मलकापूरच्या पेढ्यांवर नव्या वह्यांची पूजा होते, आणि घराघरांतून नव्या नोकरीच्या गोष्टी निघतात. बोनस हाती पडला, आता पुण्याला बघू, असे चिरंजीव म्हणतात. अर्ज जातो, मुलाखत होते, सारे जमत येते. आणि शेवटी नवी कंपनी विचारते, ‘‘आधीच्या ठिकाणी आम्ही चौकशी केली तर चालेल ना?’’ इथे आईबापांच्या पोटात गोळा येतो. जुने साहेब भलतेच काही बोलले तर?

ज्या खामगावात कापसासाठी 1870 सालीच आगगाडीचा फाटा आला, तिथल्या बाजाराला ओळखीच्या माणसाच्या शब्दाचे मोल सांगायला नको. आता तो शब्द टेलिफोनवरून आणि ई-मेलने जातो. वजन मात्र तेच. तेव्हा कायदा काय म्हणतो ते पाहू.

जुन्या मालकाने कोणती माहिती द्यावी आणि कोणती देऊ नये, याचा वेगळा असा कायदा आपल्याकडे नाही. शिफारस केलीच पाहिजे अशी सक्तीही खाजगी मालकावर नाही. प्रश्न येतो तो अब्रूचा. पूर्वी भारतीय दंड संहितेचे 499 कलम होते; 1 जुलै 2024 पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या 356 कलमाने घेतली. बदनामी शाबीत झाली तर दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही, किंवा समाजसेवा अशी शिक्षा आहे.

पण या कलमाला अपवाद आहेत, आणि मालकाचे संरक्षण त्यांतच आहे. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या हितरक्षणासाठी सद्भावनेने केलेले कथन बदनामी ठरत नाही. कायद्याने स्वतःच उदाहरण दिले आहे ते एका दुकानदाराचे. अमुक माणसाच्या सचोटीची खात्री नाही, म्हणून रोख घेतल्याशिवाय त्याला माल देऊ नकोस, असे तो आपल्या कारभाऱ्याला बजावतो. हे सद्भावनेने केले असेल तर गुन्हा नाही. आता ही ‘सद्भावना’ म्हणजे नुसते स्वच्छ मन नव्हे बरे! पुरेशी काळजी आणि लक्ष न देता केलेली गोष्ट कायदा सद्भावनेची मानत नाही.

म्हणजे व्यवहारात काय? नोकरीच्या तारखा, हुद्दा, रीतसर चौकशीत सिद्ध झालेला दोष, हे ज्याला खरी गरज आहे त्याने विचारल्यास सांगता येते. ‘गल्ल्यातले पैसे गेले, यानेच घेतले असावेत’ हे मात्र चौकशीशिवाय बोलणे अंगाशी येईल. आणि हेच कोणी चहाच्या दुकानात चारचौघांत सांगत सुटला, तर हितरक्षणाचा आधारही त्याला उरणार नाही.

बुलढाण्याच्या शेजारच्या अकोल्याशी संबंध असलेले एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते. तिथल्या भविष्यनिर्वाह निधी कार्यालयात पूर्वी काम केलेल्या एका अधिकाऱ्याला दिलेले मेमो, नोटिसा आणि झालेल्या शिक्षा यांची माहिती एका तिऱ्हाइताने 2008 साली माहितीच्या अधिकाराखाली मागितली. ऑक्टोबर 2012 मध्ये न्यायालयाने सांगितले, की नोकराची कामगिरी ही मुख्यतः नोकर आणि मालक यांच्यामधली बाब आहे, ती वैयक्तिक माहिती होय. मोठे सार्वजनिक हित असेल तरच ती बाहेर द्यावी. हा निकाल माहिती अधिकाराचा असला, तरी नोकराचे सेवापुस्तक ही गावची चावडी नव्हे, एवढे त्यातून प्रत्येकाने घ्यावे.

अब्रूनुकसानीचा दिवाणी दावा साधारणपणे वर्षाच्या आत लावावा लागतो, आणि तिथे कथन खरे होते हा पुरता बचाव आहे. खरी अडचण पुराव्याची. टेलिफोनवर कोण काय बोलले हे सिद्ध कसे करणार? दाव्याचा निकाल लागेपर्यंत ती जागा दुसऱ्याने भरलेली असते. घरचा हप्ता आणि पोरांची फी काही निकालाची वाट पाहत नाहीत.

म्हणून शहाणपण नोकरी सोडतानाच करावे. राजीनामा लेखी द्यावा, त्याची पोच घ्यावी. तारखा आणि हुद्दा नमूद केलेला अनुभवाचा दाखला आणि कार्यमुक्तीचे पत्र मागून घ्यावे. 1946 च्या स्थायी आदेशांच्या कायद्याखालील नमुना नियमांत, कायम कामगाराला नोकरी संपताना सेवेचा दाखला मिळण्याचा हक्क स्पष्ट लिहिलेला होता. तो कायदा पुढे 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेत सामावला गेला. साहेबांशी वाकडे आले असेल, तर चौकशीसाठी आपले काम जवळून पाहिलेल्या दुसऱ्या वरिष्ठाचे नाव, त्यांना आधी विचारून, द्यावे. आणि मुलाखतीत खोटे कारण सांगू नये; जुन्या साहेबांच्या एका खऱ्या वाक्याने ते उघडे पडते.

मालक मंडळींनाही एक सांगणे. गेलेल्या माणसाविषयी विचारणा आली, की दप्तर काढून पाहावे आणि त्यात जेवढे आहे तेवढेच बोलावे. वहीत नसलेली बाकी कोणाच्या नावावर मांडू नये, हे आपल्या पेढ्यांना कायद्याने शिकवावे लागत नाही.