चढाई दोघांची असते

कबड्डीच्या नोंदवहीत चढाईपटूचे गुण एका रकान्यात, तर कोपरारक्षकाच्या पकडी दुसऱ्या रकान्यात लिहिल्या जातात. मैदानात मात्र तीस सेकंद दोघे एकमेकांना जखडलेले असतात. चढाईपटू निदानरेषेकडे सरकला की कोपरा मागे हटतो. चढाईपटू मध्यरेषेकडे वळू लागला की बचावपटूंची साखळी पुढे येते. मधले अंतर फारसे बदलत नाही. ते एकदम बदलते तेव्हाच बहुधा गुणाचा निकाल लागतो.

ही जखडण मोजता येते. अमेरिकेत स्कॉट केल्सो यांनी दोन्ही तर्जन्या आलटून-पालटून हलवायला सांगून वेग वाढवत नेला, तेव्हा एका टप्प्यावर बोटे आपोआप एकाच लयीत आली. एकमेकांचे पाय बघत स्वतःचा पाय झुलवणाऱ्या दोन माणसांतही हेच घडते, असे १९९० मध्ये दिसले. २००५ मध्ये पाल्यू आणि झानोन यांनी टेनिसच्या रॅलीतल्या प्रतिस्पर्ध्यांची डावी-उजवी धाव तपासली. त्यात दोन लयी ठळक होत्या: एक जुळती, दुसरी नेमकी उलटी.

टेनिसची ही फूटपट्टी कबड्डीला जशीच्या तशी लावण्यात अर्थ नाही. तिथली ये-जा लयबद्ध असते. इथे एकासमोर सात जण आणि शेवटी झटापट. रग्बीतला अभ्यास जास्त जवळचा वाटतो. पासोस आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये एकास एक गाठ तपासली. दोघांतले अंतर सुमारे ४ मीटरच्या आत आले की त्यांचा सापेक्ष वेग महत्त्वाचा ठरतो, असे त्यांना आढळले. पुरुषांच्या कबड्डीत निदानरेषाच मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर असते. म्हणजे रग्बीत गाठ जिथे रंगते, तिथे कबड्डी सुरूच होते!

कबड्डीतली ही जखडण मोजायला महागडी यंत्रणा लागत नाही. अंतिम रेषेमागे उंचावर लावलेला मोबाइल पुरतो. सेकंदाला ३० चौकटी टिपल्या, तर सहा चौकटी म्हणजे ०.२ सेकंद. डोळ्यांनी पाहून शरीर हलायला माणसाला साधारण तेवढा वेळ लागतोच. चढाईपटूचा पाय वळल्यावर दोन-तीन चौकटींतच कोपरा झेपावला असेल, तर त्याने ती हालचाल पाहून प्रतिसाद दिलेला नाही. आधीच अंदाज बांधला होता. अंदाज बरोबर निघाला की प्रेक्षक टाळ्या वाजवतात. हुलकावणी देणारा चढाईपटू नेमका याच घाईवर जगतो, आणि प्रशिक्षक मात्र पकड चुकली म्हणून कोपऱ्याच्या मनगटाला दोष देत बसतात.

आधी कोण हलले, ही नोंद प्रत्येक चढाईपुढे हवी. तिच्याशेजारी मैदानात उरलेल्या बचावपटूंची संख्याही लिहावी. बोनस गुण किमान सहा बचावपटू असतानाच मिळतो. पाच उरले की बोनस रेषेचे आमिष संपते आणि कोपऱ्याची उभे राहण्याची जागाच बदलते. तीन किंवा कमी उरले की अव्वल पकडीचा जादा गुण खुणावू लागतो. सात असतानाच्या आणि तीन असतानाच्या चढाया एकत्र करून काढलेली सरासरी सराव आखायला निरुपयोगी ठरते.