घर दाखवायचंय? आधी हे वाचा!

मैत्रिणींनो, राहता फ्लॅट विकायचा ठरला की पहिल्यांदा आठवतो तो रंगारी. "एक हात मारून घेऊ, म्हणजे घर कसं उठून दिसेल!" पण जरा थांबा. रंगाचा डबा उघडण्यापूर्वी परक्या माणसाच्या नजरेने घरातून एक फेरी मारा आणि खटकेल ते कागदावर टिपून ठेवा.

सुरुवात पसाऱ्यापासून करावी. नव्या घरी जे न्यायचे नाही, ते आत्ताच काढून टाका. माळ्यावरची रिकामी खोकी, गॅलरीतली मोडकी खुर्ची, दारामागचे कपड्यांचे ढीग! घर बघायला येणारी बाई आपले कपाट कुठे बसेल, हे मनातल्या मनात मोजत असते. तिला भिंत दिसू द्या.

स्वयंपाकघरात ओट्यामागच्या टाइल्सवर फोडणीचा चिकट थर बसलेला असतो. कोमट पाण्यात धुण्याचा सोडा कालवून त्याने पुसा; हातात रबरी मोजे हवेत. नळावरचे क्षाराचे पांढरे डाग लिंबाच्या फोडीने चोळले की निघतात. मात्र ओटा संगमरवरी किंवा कडप्प्याचा असेल, तर त्यावर लिंबू सांडू देऊ नका. आंबटाने या दगडांची चकाकी जाते.

संडास-न्हाणीघर घासताना ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर चुकूनही एकत्र करू नका. त्यातून विषारी वायू निघतो. घर काही महिने बंद असेल, तर न्हाणीच्या जाळीत बादलीभर पाणी ओता. आतल्या वळणात साठलेले पाणी आटले, की गटाराचा वास थेट घरात येतो.

आता खऱ्या मुद्द्याकडे वळू या. तो म्हणजे ओल. भिंतीला पोपडे आले असतील, तर वरून रंग फासून काय होणार? पावसाळा आला की सगळं उघडं पडतं! पाणी वरच्या न्हाणीघरातून झिरपते की बाहेरच्या भेगेतून, ते आधी शोधा. सोसायटीच्या सेक्रेटरींना लेखी अर्ज द्या. दुरुस्ती करा, भिंत पुरती वाळू द्या आणि मगच रंग काढा. दुरुस्तीचे बिल जपून ठेवा.

आणि जे दुरुस्त होण्यासारखे नाही, ते घेणाऱ्याला सांगून टाका. "आपण होऊन कशाला सांगायचं? भाव पडेल," असे घरातली मंडळी म्हणतील. पण १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातील कलम ५५ प्रमाणे, घेणाऱ्याला सहज न दिसणारा आणि आपल्याला ठाऊक असलेला मोठा दोष सांगणे हे विकणाऱ्याचे कर्तव्यच आहे. कायदा बाजूला ठेवला, तरी समोरच्या बाईचा विचार करा. पहिल्या हप्त्यासाठी तिने कदाचित बांगड्या मोडलेल्या असतील. चार पैसे कमी आले तरी चालतील, तिचे तळतळाट नकोत.

दाखवण्याचा दिवस शक्यतो सकाळचा ठरवा. पडदे सारा, खिडक्या उघडा, सगळे दिवे लागतात ना ते पाहा. उदबत्त्यांचा धूर करू नका. हे काहीतरी लपवताहेत, अशी उगीच शंका येते. नळाला पाणी किती वेळ येते, ते खरे तेच सांगा. दागिने आणि रोकड कुलपात असू द्या आणि अनोळखी मंडळी येणार असतील तेव्हा घरात एकट्या राहू नका. शेजारच्या वहिनींना बोलावून घ्या.

खरेदीचा करारनामा, शेअर सर्टिफिकेट, घरपट्टीची पावती आणि सोसायटीची बाकी नसल्याचा दाखला यांच्या झेरॉक्स एका फाईलमध्ये लावा. पाहायला त्याच द्या. मूळ कागद घराबाहेर जाता कामा नयेत.

एवढी तयारी झाली, की कुणी खोचक प्रश्न विचारला तरी तुम्हाला अडखळावे लागणार नाही. भाव सांगतानाही आवाज खाली येणार नाही!