दाम आणि मोल

खोपोलीजवळचे इमॅजिका उद्यान २०१३ मध्ये सुरू झाले. पुढे त्याला लागूनच नोव्होटेल हॉटेल उभे राहिले. वाशीहून अंतर साठेक किलोमीटर. तेव्हा मुक्काम ही गरज नव्हे, सोय. सोयीचे दाम मोजण्यापूर्वी हिशेब मांडावा. खोलीचे दिवसाचे भाडे साडेसात हजारांपर्यंत असल्यास जीएसटी ५ टक्के, त्यावर गेल्यास १८. म्हणजे ७,५०० ची खोली ७,८७५ रुपयांना पडते, तर ७,६०० ची ८,९६८ ला. भाड्यात रात्रीचे भोजन धरलेले असेल आणि घरात चौविहार पाळला जात असेल, तर त्या ताटाचे पैसे व्यर्थ जातात. सूर्यास्तापूर्वी कंदमूळविरहित जेवण मिळेल का, हे आरक्षणाआधीच विचारावे. मात्र थकलेल्या आजीला दुपारी घटकाभर पाठ टेकता आली आणि नातवंडांचा खेळ अर्ध्यावर मोडला नाही, तर ती रक्कम खर्चाच्या बाजूस लिहूनही तोट्यात धरू नये.