पळणारं पोर दिसलं की पोलिसाला काय दिसतं?

भिंतीवरून उडी, कठड्यावरून कोलांटी, जिन्याच्या रेलिंगवरून पलीकडे. पार्कोरचे व्हिडिओ आज जवळपास प्रत्येक घरातल्या पोराच्या मोबाइलमध्ये आहेत. बघून झालं की पोरं खाली उतरतात आणि सोसायटीच्या कंपाउंड वॉलवर तेच करून बघतात. अम्मीला काळजी हातपाय मोडण्याची. अब्बांच्या मनात मात्र दुसरीच भीती असते: कुणी पोलिसांना फोन केला तर?

ही भीती उगाच नाही. २०११च्या जनगणनेत देशात मुसलमान १४.२ टक्के होते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे तुरुंगांबाबतचे अहवाल काढून बघा, कच्च्या कैद्यांमध्ये आपलं प्रमाण वर्षानुवर्षे त्याहून जास्त दिसतं. अशा परिस्थितीत भिंत ओलांडणारं पोर खेळाडू आहे की आणखी कुणी, हे समोरचा माणूस एका क्षणात ठरवतो. त्या एका क्षणाची तयारी आधी कशी करायची, हा खरा प्रश्न आहे.

पॅरिसच्या वेशीवरचे दोन धडे

पार्कोरचा जन्म श्रीमंतांच्या क्लबात झालेला नाही. पॅरिसच्या दक्षिणेला लिस आणि एव्री ही उपनगरं आहेत. १९८०-९०च्या दशकात तिथल्या पोरांनी आपल्या वस्तीतल्या भिंती, जिने आणि पूल यांचंच मैदान केलं. डेव्हिड बेल, सेबास्तियाँ फुकाँ, यान नौत्रा, मलिक दियूफ ही त्यातली काही नावं. कुणाचं कुटुंब व्हिएतनामशी जोडलेलं, कुणाचं आफ्रिकेशी. १९९७मध्ये त्यांच्या गटाने ‘यामाकासी’ हे नाव घेतलं. हा आफ्रिकेतल्या लिंगाला भाषेतला शब्द. पुढे सिनेमे आले, जाहिराती आल्या, आणि वस्तीतल्या पोरांचा खेळ जगभर गेला. डिसेंबर २०१८मध्ये आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स महासंघाने त्याला आपल्यात घेतलं. २०२२मध्ये टोकियोला पहिली जागतिक स्पर्धा झाली. महासंघाने हा खेळ ताब्यात घेण्याला अनेक पार्कोर संघटनांचा विरोध होता आणि आजही आहे, हेही सांगायला हवं.

त्याच पॅरिसच्या उत्तर-पूर्वेला क्लिशी-सू-ब्वा नावाची वस्ती आहे. २७ ऑक्टोबर २००५. रमजानचा महिना. फुटबॉल खेळून काही पोरं घरी निघालेली, इफ्तारला पोहोचायची घाई. पोलिसांची गाडी आली आणि पोरं पळाली. त्यांनी काही चोरलं नव्हतं, पण पकडलं तर चौकीत तासन् तास बसवतील ही धास्ती होती. तिघं जण विजेच्या उपकेंद्रात शिरले. झिएद बेन्ना (१७) आणि बूना त्राओरे (१५) शॉक लागून गेले, तिसरा भाजून वाचला. त्यानंतर फ्रान्समध्ये तीन आठवडे जाळपोळ चालली. खटला चालला तो दोन पोलिसांवर, आणि २०१५मध्ये न्यायालयाने दोघांनाही निर्दोष सोडलं.

एकाच शहराच्या वेशीवरच्या, एकाच थरातल्या पोरांच्या या दोन गोष्टी. पहिल्या पोरांच्या धावण्याला नाव मिळालं आणि जग टाळ्या वाजवू लागलं. दुसऱ्या पोरांचं धावणं बिननावाचं राहिलं आणि पोलिसांना त्यात फक्त संशय दिसला.

लंडनने काय केलं?

ब्रिटनमध्येही सुरुवातीला तक्रारीच होत्या. तिथे खेळणाऱ्यांनी आणि काही नगरपालिकांनी मिळून रस्ता काढला. लंडनच्या वेस्टमिन्स्टर नगरपालिकेने शाळांमध्ये प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली पार्कोर शिकवायला सुरुवात केली. २००९मध्ये ‘पार्कोर यूके’ ही राष्ट्रीय संस्था उभी राहिली. २०१३मध्ये पार्कोरच्या साधनांसाठी ब्रिटिश मानक तयार झालं. जानेवारी २०१७मध्ये तिथल्या क्रीडा परिषदांनी पार्कोरला खेळ म्हणून अधिकृत मान्यता दिली.

यातून पोरांना काय मिळालं? सगळ्या भिंती मोकळ्या झाल्या नाहीत. खासगी जागेचा मालक ‘निघा’ म्हणाला की आजही निघावंच लागतं. पण ‘काय चाललंय?’ या प्रश्नाला द्यायला उत्तर मिळालं. आम्ही अमुक गटाचे, हे आमचे सर, हा सराव. समोरच्याला अनोळखी टोळकं न दिसता ओळखीची पोरं दिसू लागली.

आपल्याकडचा जुना अनुभव

ही गोष्ट आपल्याला लंडनकडूनच शिकायला हवी असं नाही. १९८४च्या दंगलीत भिवंडी होरपळली. त्यानंतर पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी १९८८पासून तिथे मोहल्ला कमिट्या बांधल्या. दोन्ही समाजांची साधी माणसं आणि हद्दीतले पोलीस नियमित एकत्र बसू लागले. १९९२-९३मध्ये मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. नंतर मुंबईतही मोहल्ला कमिटीची चळवळ उभी राहिली, त्यात माजी पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो होते. पोलीस आणि मोहल्ल्यातली पोरं यांना एका मैदानावर आणणारं क्रिकेटही या चळवळीने भरवलं.

त्यामागचा हिशेब साधा होता. ज्या हवालदाराने पोराला बॉलिंग करताना पाहिलंय, तो त्याला रात्री गल्लीत बघून एकदम काठी काढत नाही. क्रिकेटला जे जमलं ते पार्कोरला का जमू नये?

कायद्याची रेषा कुठे आहे?

आपल्याकडे पार्कोरवर बंदी घालणारा वेगळा कायदा नाही. पोरं अडकतात ती दुसऱ्या कलमांत. डिसेंबर २०२३मध्ये मुंबईत ताडदेवच्या एका गगनचुंबी इमारतीत स्टंटसाठी घुसलेल्या दोन रशियन तरुणांना पोलिसांनी अटक केली, ती परवानगीशिवाय आत शिरल्याबद्दल. छतांवरचे हे जीवघेणे स्टंट आणि जमिनीलगतचा सराव यांत फार अंतर आहे. आपल्या पोरांना हे अंतर पहिल्या दिवशीच समजावून सांगा.

चार गोष्टी घरातल्या प्रत्येकाला माहीत असाव्यात.

एक, भारतीय न्याय संहितेचं कलम ३२९. दुसऱ्याच्या जागेत गुन्हा करायच्या किंवा त्रास द्यायच्या हेतूने शिरणं हा गुन्हा आहे. तशाच हेतूने तिथे थांबून राहणं हाही गुन्हाच. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. इमारतीत शिरलं तर कैद एक वर्षापर्यंत. म्हणजे ‘निघा’ म्हटल्यावरही हुज्जत घालत थांबलं, तर आपणच आपली बाजू कच्ची करतो.

दोन, महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम १२२. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत कुणी गुन्हा करायच्या हेतूने चेहरा झाकून किंवा वेश बदलून फिरताना सापडला, किंवा दुसऱ्याच्या इमारतीत सापडला आणि तिथे असण्याचं समाधानकारक कारण देता आलं नाही, तर कारवाई होऊ शकते. पार्कोरवाल्या पोरांना हुडी आणि मास्कची हौस फार. अंधारात ही हौस महागात पडते. सराव फजरनंतर उजाडल्यावर किंवा असरनंतर करा, मगरिबच्या अजानला घरी.

तीन, रेल्वेची हद्द. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ प्रमाणे तिथे बेकायदा शिरलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजारापर्यंत दंड होऊ शकतो. आणि जिवाचा धोका त्याहून मोठा.

चार, आपले हक्क. अठराच्या आतल्या मुलाला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. ताब्यात घेतलं तर चोवीस तासांत बाल न्याय मंडळासमोर न्यावं लागतं. मोठ्यांना अटक झाली तर घरच्यांना कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे आणि वकील घेण्याचा हक्क आहे. नम्रपणे बोलणं म्हणजे हे हक्क सोडणं नव्हे.

पोलीस येण्याच्या आधीचं काम

बहुतेक वेळा पोलीस स्वतःहून येत नाहीत, कुणीतरी फोन केलेला असतो. म्हणून संबंध आधी जोडायचे ते वॉचमनशी, सोसायटीच्या सेक्रेटरीशी, खालच्या दुकानदार चाचांशी. जागा वापरायच्या आधी विचारा. सैल कठडा, पाण्याचे पाइप, गाड्या यांना हात लावू नका. जाताना कचरा उचला. मशिदीच्या किंवा कब्रस्तानाच्या भिंतीवर उड्या मारायच्या नाहीत, हे तर सांगायला नको. चार-पाच पोरं पुरेत. वीस जमली की कुणालाही जमाव वाटतो.

मग एखाद्या मोठ्या माणसाने, शाळेतल्या पीटीच्या सरांनी किंवा मोहल्ल्यातल्या वकिलांनी, पोरांना घेऊन पोलीस ठाण्यात जावं. साध्या कागदावर अर्ज: कोण, कुठे, कोणत्या वेळी सराव करतो, जबाबदार कोण. त्याची पोच घ्यावी. महापालिकेचं मैदान किंवा बाग असेल तर वॉर्ड ऑफिसलाही कळवावं. हा अर्ज म्हणजे परवाना नव्हे, ओळख आहे.

आणि पोलीस आलेच तर? पळायचं नाही, क्लिशीचा धडा हाच आहे. खाली उतरा, इअरफोन काढा, हात मोकळे ठेवा. एकानेच बोलावं: “साहेब, आम्ही पार्कोरचा सराव करतोय, ही आमची ओळखपत्रं, हा अर्ज.” जा म्हटलं तर जावं. वागणूक चुकीची वाटली तर नाव, वेळ आणि ठाणं लक्षात ठेवावं, घरी सांगावं आणि दुसऱ्या दिवशी मोठ्यांनी वरिष्ठांकडे लेखी तक्रार करावी. भांडण रस्त्यावर सोडवायचं नाही.

ओझं एकट्या पोरांनीच का वाहायचं?

इथे कुणीही विचारेल, आणि विचारायलाच हवं: वाळकेश्वरच्या पोराला ठाण्यात अर्ज द्यावा लागतो का? नाही लागत. हा भेद आहे आणि तो चुकीचा आहे. आपण अर्ज दिल्याने तो बरोबर ठरत नाही. म्हणून नगरसेवकांकडे मागणी करायची ती मैदानाची. मुंब्रा, भिवंडी, मालेगावसारख्या दाट वस्त्यांत खेळायला जागाच नसेल तर पोरं भिंतीवर नाही जाणार तर कुठे जाणार? महापालिकेच्या एखाद्या बागेत चार ठोकळे, दोन भिंती आणि एक प्रशिक्षक, यासाठी कोट्यवधी लागत नाहीत. ठाण्यातल्या साहेबांकडेही मागणी करायची: तक्रार आली तर आधी विचारा, मग काय ते ठरवा.

व्यवस्था बदलेपर्यंत पोरांना घरात कोंडून ठेवणं हा मात्र उपाय नाही. जी ताकद भिंतीवर चढायला लागते तीच आयुष्यात उभं राहायला लागते. येत्या रविवारी पोराला नुसतं ‘उड्या मारू नको’ म्हणू नका. कुठे मारतो ते जाऊन बघा, आणि शेजारच्यांना सांगा की हा आमचा आहे.