संदर्भ कुठाय?

जर्नलमध्ये आधी उत्तर लिहून मग त्याला जुळणारी रीडिंग बसवायची कला आपल्यापैकी कुणाला येत नाही? मलाही येते. पण व्हायवाला एक्स्टर्नल शांतपणे विचारतात, "हे रीडिंग आलं कुठून?" आणि आपण छताकडे बघत बसतो! गेली दोन वर्षं फावल्या वेळात मी मराठी विकिपीडियावर लेख लिहितो, दुसऱ्यांचे दुरुस्त करतो. पगार नाही, सर्टिफिकेट नाही. रोज तोच एक प्रश्न मात्र विचारतो आणि ऐकतो, संदर्भ कुठाय?

विकिपीडिया २००१ साली इंग्रजीत सुरू झाला, मराठीत १ मे २००३ रोजी. तसा मराठीला ज्ञानकोश नवा नाही. डॉ. श्री. व्यं. केतकरांनी २३ खंडांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश काढला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली आला. तिथे लिहिणारे आणि तपासणारे दोघेही जाणकार. इथे लिहिणारा तुमच्या-माझ्यासारखा कुणीही. म्हणून विश्वास माणसावर नाही, संदर्भावर ठेवावा लागतो.

सुरुवातीला मी हौसेने कोडोलीबद्दल लिहिलं, 'निसर्गरम्य, ऐतिहासिक आणि वैभवशाली गाव'. दुसऱ्या दिवशी तिन्ही विशेषणं गायब! चर्चापानावर भांडायला गेलो, तर काढणाऱ्या सदस्याने एवढंच विचारलं, "कोणती कोडोली?" साताऱ्याला लागूनही एक कोडोली आहे हे मला माहीतच नव्हतं. माझी तिन्ही विशेषणं तिलाही चालली असती. पन्हाळा तालुका, वारणेचा परिसर हे मात्र फक्त आमच्याच कोडोलीचं. त्या दिवशी राग गेला आणि अक्कल आली.

खरी परीक्षा नंतर झाली. शिवाजी महाराजांनी १६५९ साली पन्हाळा घेतला. त्या वेळी महाराज आमच्या शिवारातल्या विहिरीचं पाणी प्यायले, असं आजोबा लहानपणापासून सांगत आलेत. तेही मी लेखात घातलं होतं. आता दुसऱ्यांच्या गावांच्या लेखांतली अशी वाक्यं मी काढत होतो, मग माझं कसं ठेवणार? काढलं, आणि घरी सांगितलंही. आजोबा म्हणाले, "मग माझा बा खोटं बोलला व्हय रं?" दोन दिवस ते माझ्याशी धड बोलले नाहीत.

माझं मत असं आहे, की वाक्य काढणं म्हणजे त्याला खोटं म्हणणं नव्हे. महाराज इथून गेलेही असतील. पण वाचणाऱ्याला ते तपासता येत नाही, म्हणून ज्ञानकोशात ते बसत नाही. आपल्या गावावर प्रेम असेल तर त्याच्या नावावर कच्चा माल खपवू नये.

पण आजोबांचा प्रश्न मला अजून टोचतो. छापील पुराव्याचा नियम ज्यांच्याबद्दल छापलं गेलं त्यांना सोपा जातो. ज्यांचं कुणी लिहूनच ठेवलं नाही त्यांनी काय करायचं? नियम सैल करायचा का? माझ्या मते नाही. एकदा सैल केला की प्रत्येक विहिरीवर महाराज पाणी पिऊन जातील! त्यापेक्षा लिहून ठेवायला लागावं. १८८६ चं कोल्हापूरचं गॅझेटियर आहे, जनगणनेच्या पुस्तिका आहेत, सहकारी संस्थांचे अहवाल आहेत. जे यात नाही ते म्हाताऱ्या माणसांकडून, नाव आणि तारखेसह उतरवून घ्यावं, आणि ते ऐकीव आहे असं स्पष्ट म्हणावं.

१९९८ साली आपल्या वारणा भागातली ७० गावं संगणकाने जोडायचा प्रकल्प सुरू झाला. उसाची, बाजारभावाची माहिती गावात यावी म्हणून. माहिती घ्यायला आपण लवकर शिकलो. द्यायला कधी शिकणार?

सुरुवात सोपी आहे. विकिपीडियावर सरावासाठी 'धूळपाटी' असते, तिथे चुकलं तरी कुणी रागावत नाही. आपापल्या गावाबद्दल पाच वाक्यं लिहा, प्रत्येकापुढे संदर्भ द्या. पाचातली तीन गळतील. उरलेली दोन पक्की असतील.

विहिरीची गोष्ट मी वहीत उतरवून घेतली आहे. वर लिहिलंय, 'आजोबा सांगतात'. आजोबांनी ती वाचून दोन चुका दुरुस्त केल्या.